चौकटची दुर्री

"वेड्या माणसाला पत्त्यांची तेरा पानं धरता येत नाहीत, साहेब," मी म्हणालो.

हरकरे साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच्यावरची पांढरी धूळ माझ्या केसपेपरांवर सांडली. ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं.

"आज येतात, उद्या येणार नाहीत," ते म्हणाले. "मी रोज बघतो, डॉक्टर. तुम्ही फक्त रविवारी बघता."

मे महिना, त्र्याऐंशी साल. चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत मी डॉक्टर होतो. वय एकोणतीस, म्हणजे जगातलं सगळं कळण्याचं वय. हरकरे साहेब तिथल्या चुनखडीच्या खाणीचे मॅनेजर. त्यांना माझ्याकडून एक दाखला हवा होता: त्यांची बायको कुमुदिनी हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे आणि तिला इस्पितळात ठेवणं जरूर आहे. त्या काळी अशा कामाला दोन डॉक्टरांच्या सह्या लागत. दुसरी तालुक्याच्या सरकारी डॉक्टरची, आणि तो गृहस्थ माझी सही दिसली की डोळे मिटून आपली ठोकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे वहिनी घरी राहणार की कोंडल्या जाणार, ते माझ्या पेनात होतं.

साहेबांनी लक्षणं सांगितली. मार्चमधल्या अपघातापासून झोप उडाली आहे. खाणीतून कुणी हाका मारतंय म्हणते. काहीबाही लिहीत बसते, मग फाडते. माझ्यावर भलते आरोप करते, एकदम ओरडायला लागते. हे सगळं त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला त्यांची कीव आली.

मार्चचा अपघात मीही विसरलो नव्हतो. खाणीत रोज दुपारी दोनला भोंगा व्हायचा, माणसं वर यायची आणि दहा मिनिटांनी सुरुंग उडायचे. अकरा मार्चला सुरुंग भोंग्याच्या आधी उडाले. तिघं गेले, त्यातला एक माझ्या हातात. सुरुंग लावणारा बुधरामही त्या तिघांतच होता, त्यामुळे चूक त्याची ठरायला काही अडचण आली नाही. मेलेला माणूस हरकत घेत नाही. चौकशी तेवढी व्हायची होती.

मी म्हटलं, वहिनींना दवाखान्यात पाठवा, मी तपासतो. साहेब म्हणाले, दवाखान्याचं नाव काढलं की बिथरते. घरी या म्हणावं, तर तुम्हाला बघून लगेच ओळखेल कशाला आलात ते. मग म्हणाले, "रविवारी बघा. पत्ते खेळताना माणूस लपत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

म्हणत असे. मीच म्हणत असे, आणि चारचौघांत, मोठ्यांदा.

क्लबात आमचं चौघांचं टेबल ठरलेलं. एकीकडे हरकरे साहेब आणि त्यांचे भिडू टेंभुर्णे, कारखान्याचे केमिस्ट, साहेब हसले की हसणारा सज्जन माणूस. दुसरीकडे वहिनी आणि मी. वहिनी लग्नाआधी अमरावतीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी सांगलीहून आलो तेव्हा मला ब्रिज येतो असा माझा समज होता. त्यांनी तो दोन रविवारांत उतरवला.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बोली जिंकणारा डाव खेळतो, त्याच्या भिडूची पानं टेबलावर उघडी पडतात, आणि उरलेले दोघं मिळून तो डाव पाडायला बघतात. या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, खाकरायचंसुद्धा नाही. जे सांगायचं ते पानानेच. मी एखादा रंग उतरलो आणि भिडूने त्यावर मोठं पान टाकलं, तर अर्थ 'हाच चालव'. बारकं टाकलं तर 'नको, इथे थांब'. दुर्री, रंगातलं सगळ्यात बारकं पान, म्हणजे स्पष्ट नकार. एवढ्यावर सगळं चालतं.

वहिनींच्या दोन शिकवण्या मला आजही तोंडपाठ आहेत. पहिली, भिडूने पान ठेवलं की पानाकडे बघायचं, तोंडाकडे नाही. तोंड वाचणं म्हणजे चोरी. दुसरी मी एकदा त्यांची दुर्री चुकीची वाचली तेव्हाची. त्या म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, पान म्हणजे उत्तर. आधी प्रश्न कोणता ते बघावं. प्रश्नच चुकला तर बरोबर उत्तराचा काय उपयोग?" गणिताच्या बाई शोभल्या होत्या.

दोन वर्षांत त्यांची एक खूण चुकली नव्हती. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं, रविवारचा डाव हीच तपासणी. वहिनी नेहमीसारख्या खेळल्या तर दाखला देणार नाही, साहेब काय करतील ते करोत. फार न्यायी वाटलं मला स्वतःला. नोकरीच्या भीतीने मी वाकलो असं आज सांगता आलं असतं तर त्यात निदान थोडी लाज राखली गेली असती. पण भीती नव्हती, शेखी होती. मला पत्ते वाचता येतात ही शेखी.

रविवारी चार वाजता बसलो. बाहेर सत्तेचाळीस डिग्री, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, कोपऱ्यात कूलर घरघरत होता. वहिनी पांढरी सुती साडी नेसून आल्या होत्या. थोड्या वाळलेल्या वाटल्या. मनगटावर जुनी निळी खूण होती, ती मी बघितली आणि आपटल्या असतील म्हणून सोडून दिली. ओरडणं, आरोप, काही नाही. त्यांनी पानं पिसली, वाटली, रंगवार लावली. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

साहेबांना डाव स्वतः खेळायची हौस, म्हणून ते बोली चढवत. पहिला डाव त्यांनीच घेतला. मी चौकटचा एक्का उतरलो; राजाही माझ्याकडेच होता. वहिनींकडे राणी असेल तर मोठं पान पडणार आणि मी सरळ तीन हात ओढणार. टेंभुर्ण्यांची पानं उघडी पडली. साहेबांनी त्यातलं एक पान टाकायला सांगितलं आणि वहिनींची पाळी आली, तसे ते माझ्याकडे वळून म्हणाले, कुमुदला जरा नागपूरला न्यायचं म्हणतोय, डॉक्टर. तिलाही जायची इच्छा आहे.

डाव चालू असताना बोलू नये, पण साहेब बोलत. त्यांना कोण सांगणार?

वहिनींनी चौकटची दुर्री टाकली.

नको. ठीक. मी चौकट सोडून दुसरीकडे वळलो, आणि साहेबांनी आपली नकोशी चौकट बदामवर टाकून डाव करून घेतला. शेवटी पानं उघडी झाली तेव्हा बघतो तर राणी वहिनींकडेच. राणी, नव्वी आणि ती दुर्री. नव्वी टाकली असती तर डाव पडला असता. मी मनात म्हटलं, माणूस आहे, चुकतं कधीतरी.

दुसरा डाव बिनहुकमी. मी किलवरचा राजा उतरलो. वहिनींकडे गुलाम असेल तर मोठं पान हवं, नाहीतर पुढे चालवणं धोक्याचं. साहेब पानं नीट करता करता सहज म्हणाले, "हिला काहीबाही ऐकू येतं हो हल्ली. फोनवरची बोलणी ऐकू येतात, न झालेली. हो ना कुमुद?"

वहिनींनी मान वर केली नाही. किलवरची दुर्री टाकली.

मी पुन्हा थांबलो. पुन्हा डाव झाला. पुन्हा शेवटी गुलाम त्यांच्याच हातात निघाला. टेंभुर्णे माझ्याकडे बघत होते. साहेब कुणाकडेच बघत नव्हते, हिशेबवहीवर गुण मांडत होते. मी वहिनींना शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, गुलाम होता ना तुमच्याकडे? "होता," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं." आणि पानं पिसायला घेतली.

तिसरा डाव. हुकूम इस्पिक. साहेब आमच्या हातांतले हुकूम काढून घेत होते. तिसऱ्या फेरीला वहिनींकडचे हुकूम संपले, म्हणजे त्यांना कुठल्या तरी रंगाचं नको असलेलं पान टाकून द्यायचं होतं. साहेब म्हणाले, चौकशीवाले बुधवारी येताहेत. "त्याआधी हिला हलवलेलं बरं, डॉक्टर. तिला त्या दिवसाबद्दल कुणी विचारलेलं सोसायचं नाही."

वहिनींनी बदामचा एक्का टाकला.

ज्याने आयुष्यात चार डाव खेळले असतील तोही हमखास हात मिळवून देणारा एक्का असा फेकून देणार नाही. भिडूला ओरडून 'इथे ये' सांगायचं असेल आणि हातात त्या रंगाचा राजा, राणी, गुलामही असेल तर टाकेल एखादा. वहिनींच्या हातात त्याखेरीज बदामची एक पंजी होती. ती मी नंतर बघितली.

साहेबांचा हात पानावर तसाच राहिला. ते एक्क्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

आणि वहिनीही. दोन वर्षांत ज्या बाईने डावात माझ्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं ती मान वर करून सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. मी काय केलं असेल? मान खाली घातली. तोंड वाचणं म्हणजे चोरी. त्यांनीच शिकवलेलं. एवढा नियमाचा पक्का मी.

डाव संपल्यावर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वहिनींना घेऊन गेले. फाटकापर्यंत टेंभुर्णे माझ्याबरोबर चालत आले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "बाई असं पान टाकत नसतेत कधी, डॉक्टरसाहेब. काहीतरी होऊन राहिलं." मला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या माणसानेही पाहिलं होतं ना!

सोमवारी सकाळी मी दाखला लिहिला. स्मरणशक्तीत ठळक बिघाड, वागण्यात विसंगती, निर्णयशक्ती क्षीण. पत्त्यांचं नाव अर्थातच लिहिलं नाही. लिहिताना वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. मंगळवारी त्यांची पांढरी अँबॅसिडर दवाखान्यावरून गेली. मागच्या सीटवर वहिनी मध्ये, दोन्ही बाजूंना दोन बायका. मी दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

बुधवारी मला गेस्ट हाउसवर बोलावणं आलं. चौकशी अधिकारी बनसोड नावाचे, पन्नाशीचे, शांत. व्हरांड्यातल्या टेबलावर साहेबांचं हेल्मेट ठेवलेलं होतं. साहेब कुठे दिसले नाहीत. बनसोडांनी तिघांच्या जखमा, वेळा, सगळं विचारून लिहून घेतलं. मग फाइलमधून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक माझा दाखला. दुसरं एक पत्र, सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहिलेलं. एप्रिलमध्ये पोचलेलं.

"ही सही तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग हे पत्र मला बाजूला ठेवावं लागेल. वाचायचं असेल तर वाचा."

पत्रात सगळं होतं. अकरा मार्चला पावणेदोनला साहेब जेवायला घरी आलेले. दुपारच्या मालगाडीत दगड कमी पडत होता. साहेबांनी घरूनच फोन केला आणि बुधरामला सांगितलं, भोंग्याची वाट बघू नकोस, उडव. आपण शेजारच्या खोलीत होतो, प्रत्येक शब्द ऐकला, चौकशीत विचारलं तर शपथेवर सांगू. खाली सही, कुमुदिनी हरकरे.

फोनवरची बोलणी ऐकू येतात, न झालेली. हो ना कुमुद?

मी त्या खुर्चीत बसून तिन्ही डाव पुन्हा खेळलो. पत्ते खेळणाऱ्याला डाव आठवावा लागत नाही, तो असतोच. तिलाही जायची इच्छा आहे: दुर्री. न झालेली बोलणी ऐकते: दुर्री. त्या दिवसाबद्दल विचारलेलं सोसायचं नाही: एक्का, म्हणजे विचारा, हेच विचारा. मी चौकट उतरलो, किलवर उतरलो, आणि त्यावर उत्तर शोधत बसलो. प्रश्न मी विचारतच नव्हतो. प्रश्न साहेब विचारत होते. ओरडल्या असत्या तर साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, बघा ओरडते. 'हा खोटं बोलतोय' म्हणाल्या असत्या तर तेही सांगून ठेवलं होतं, बघा आरोप करते. बोलायला एकच जागा उरली होती, आणि ऐकायला मी एकटा.

मी बनसोडांना म्हटलं, दाखला चूक आहे, मी मागे घेतो. ते पेन खाली ठेवून म्हणाले, कशावरून? आणि मी सांगायला लागलो. राणी, नव्वी, दुर्री. बदामचा एक्का. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं ते कसं वाटतंय ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसलेसुद्धा नाहीत.

"डॉक्टर," ते म्हणाले, "सोमवारी पत्त्यांवरून वेडी, बुधवारी पत्त्यांवरून शहाणी. मी काय लिहू?"

मग जरा वेळाने त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला झोप नीट लागते ना? मी ज्या आवाजात पेशंटला विचारतो त्याच आवाजात.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. चौकशीत चूक बुधरामची ठरली. मी लेखी अर्ज केला तो वरिष्ठांकडून परत आला. तिसऱ्या आठवड्यात मी राजीनामा दिला, की घेतला गेला, काही म्हणा. साहेब निरोप द्यायला स्वतः आले होते. म्हणाले, तुमच्यासारखा भिडू परत मिळायचा नाही. कुणाला, ते नाही म्हणाले.

सांगलीला जाण्याआधी मी नागपूरला उतरलो. ते खासगी इस्पितळ शहराबाहेर होतं. भेटायला देईनात, मी दाखला देणारा डॉक्टर म्हटल्यावर लगेच दार उघडलं. माझ्या सहीला तिथे फार मान होता.

वहिनी खाटेवर बसलेल्या. केस कापलेले. औषधांनी जीभ जड झाली होती, हात कापत होते. आया दारातच उभी राहिली. ती म्हणाली, या बोलत नाहीत. आल्या तेव्हा खूप बोलायच्या, डॉक्टर ते सगळं लिहून घ्यायचे, मग एक दिवस गप्पच झाल्या. मी खिशातून पत्त्यांचा नवा जोड काढला. काय वाटून नेला होता कोण जाणे. त्यांच्या मांडीवर ठेवला. त्या एकेक पान उलटून बघायला लागल्या, सावकाश, सगळ्या रंगांतून.

मी बोलत सुटलो. वहिनी, मला कळलं. उशिरा, पण कळलं. दुर्रीही कळली, एक्काही कळला. मी अर्ज केला होता, कुणी ऐकलं नाही. माझ्या हातून घडलं ते घडलं, मला माफ करा म्हणायचंही तोंड नाही. मी ते गाव सोडलं. उद्या सकाळच्या गाडीने सांगलीला चाललो, आता इकडे येणं होईलसं वाटत नाही.

त्यांचा हात थांबला. त्यांनी जोडातून एक पान ओढून काढलं आणि माझ्यापुढे चादरीवर ठेवलं. चौकटची दुर्री. आणि बदामचा एक्का टाकताना बघितलं होतं तसंच सरळ माझ्याकडे बघितलं.

या वेळी मी नजर खाली घातली नाही. बघितलं, आणि समजलो. नको. तुम्ही नको, तुमची माफी नको, थांबा इथेच. हक्कच होता त्यांचा. मी ते पान खिशात घातलं, हात जोडले आणि निघालो. खरं सांगतो, बाहेर आल्यावर डोळे भरले होते, पण कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. शिक्षा मिळाली की हिशोब मिटतो असं वाटतं माणसाला.

सांगलीत दवाखाना थाटला. ब्रिजला पुन्हा हात लावला नाही. दुर्री टेबलाच्या खणात, शिक्क्याशेजारी. दाखला लिहायला खण उघडला की दिसायची.

सात वर्षांनी एका दुपारी एक उंच, ताठ गृहस्थ दवाखान्यात आले. नीळकंठ वऱ्हाडपांडे, नुकतेच सैन्यातून निवृत्त, पुतण्याच्या लग्नाला सांगलीत आलेले. पेशंट नव्हते. म्हणाले, मी कुमुदताईचा धाकटा भाऊ.

मी उठून उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटलं. ते त्या काळात आसामात होते, बहीण कुठे आहे हेच त्यांना वर्षभर कळू दिलं नव्हतं. कळल्यावर आले, भांडले, आणि बाहेर काढलं. चौदा महिन्यांनी. आता ती अमरावतीला त्यांच्याकडेच असते, मुलींना गणित शिकवते, बरी आहे. हरकरे साहेबांचं त्यांनी नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही.

"तुमच्याबद्दल तिच्या मनात राग नाही," ते म्हणाले. "फक्त एक विचारून ये म्हणाली. तिने तुम्हाला एक पान दिलं होतं. ते तुम्हाला कळलं होतं का?"

मी म्हटलं, कळलं होतं. म्हणूनच परत कधी आलो नाही.

त्यांना बोलायचं जिवावर आलं होतं, ते दिसत होतं.

"तुम्ही सांगलीला जातो म्हणालात," ते शेवटी म्हणाले. "तिने नको म्हटलं. जाऊ नका म्हटलं. ज्या डॉक्टरने आत टाकलं त्याने तिथे उभं राहून पुन्हा तपासा म्हटलं असतं तर त्यांना तपासावं लागलं असतं. तिथल्याच एका नर्सने तिला सांगितलं होतं. ती रविवारी रविवारी वाट बघायची. म्हणायची, डॉक्टरांना दुर्री दिली आहे, ते वाचतील."

आधी प्रश्न कोणता ते बघावं. मी बोलत होतो. या वेळी प्रश्न मी स्वतःच, माझ्याच तोंडाने विचारत होतो, आणि तोही मला ऐकू आला नव्हता. मला फक्त माझी माफी ऐकू येत होती.

मी खण उघडून पान काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी ते उचललं नाही. बाहेर कंपाउंडरने दोनदा डोकावून बघितलं, पेशंट खोळंबले होते. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, वहिनी अजून ब्रिज खेळतात का?

"दर रविवारी," ते उठत म्हणाले. "पण खेळताना सारखी बोलते. कुणी नियम दाखवला तर म्हणते, एकदा पाळून बघितला."

ते गेले. पान टेबलावरच होतं. मी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. म्हातारी होती एक, काय होतंय ते सांगायला लागली, आणि मी तिला म्हटलं, सावकाश सांगा आजी, पहिल्यापासून.